पाखरांचे शिरस्तेदार

शिरस्तेदारांच्या पक्षीवेडाचा दोष काकी शेवटपर्यंत मला देत होत्या. तोही चारचौघांत. हळदीकुंकवात म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, माझ्या पाठीवर हात ठेवून त्या नव्या माणसाला सांगायच्या, "हिनंच चष्मा दिला आणि हिनंच माझा नवरा घालवला." मग तो माणूस माझ्याकडं असा बघायचा की मला घास गिळवायचा नाही.

मी शाहूपुरीत चष्म्याचं दुकान चालवते. घडलं होतं ते एवढंच, की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवा नंबर काढायला वसंतराव सरनाईक माझ्याकडं आले. उभा जन्म कोर्टात काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कोर्ट सुटलं तरी हुद्दा सुटला नव्हता; सगळी गल्ली त्यांना शिरस्तेदारच म्हणायची, आणि नुसतं 'वसंतराव' म्हणणाऱ्याचं ते ऐकूच न आल्यासारखं करायचे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, काचा घातल्या आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा म्हटलं. ते गप्प. परत म्हटलं, तरी गप्प. म्हटलं, डोळ्याचं काही बिघडलं की काय. बघते तर हे तक्त्याच्या पलीकडं, दाराच्या काचेतून समोरच्या पत्र्यावर नजर लावून बसलेले.

"बाई," ते म्हणाले, "तो समोरचा शेपूट हलवणारा इसम कोण?"

मी म्हटलं, धोबी पक्षी. हिमालयाकडनं, त्याच्याही पलीकडनं येतो, दरवर्षी गणपतीच्या आगेमागे. त्यावर त्यांनी मान माझ्याकडं वळवली आणि विचारलं, "कोण म्हणतं?"

झालं. पुढची सगळी वर्षं त्यांनी पाखरांच्या बाबतीत दुसरं काही विचारलंच नाही म्हणा ना. कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, आणि म्हणणाऱ्यानं स्वतः बघितलंय का.

आता आमच्या दुकानाचा रिवाज सांगायला हवा. आम्ही पाच-सहा जण पाखरांच्या नादाला लागलेले. दुकानात एक फळा आहे, त्यावर भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत बाहेरगावच्या पाहुण्यांची नावं चढतात. धोबी आला, चक्रवाक आले, भोवत्या ससाणा उसावर घिरट्या घालायला लागला, असं. जो पहिला बघेल त्याचं नाव पक्ष्यापुढं लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याला मिसळ घालायची. शिरस्तेदार येण्याआधी हे सगळं भरवशावर चालायचं. डॉक्टर पोवार, म्हणजे आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर, लागोपाठ तीन वर्षं पहिल्या धोब्याची मिसळ खात होते, आणि तिन्ही वर्षं तो धोबी त्यांना न्हाणीघराच्या खिडकीतून दिसला होता. आम्हांला कधी शंका आली नाही. शिरस्तेदारांनी पहिल्याच हंगामात फळ्यापुढं उभं राहून विचारलं, की हा पक्षी हिमालय सोडून थेट डॉक्टरांची आंघोळ बघायला येतो, याला आधार काय?

त्या दिवशी नियम झाला. पंचनाम्याला दोन पंच लागतात, तसे पाखरालाही दोन पंच. एकट्यानं बघितलेला पक्षी फळ्यावर चढणार नाही. फोटो चालेल का, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टरांनी लगेच फोटो पाठवला, पण शिरस्तेदारांनी तो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, मागं गणपतीच्या मांडवाचा बांबू दिसतोय आणि यंदाचा मांडव अजून उभा राहिलेला नाही. सबब फोटो गतसालचा. तेव्हापासून फोटोही बाद. स्वतः त्यांनी बटणांचा फोन सोडून दुसरा फोन हातात धरला नाही.

त्यांचा उलटतपास म्हणजे ऐकण्यासारखा. डॉक्टर बिचारे कळंब्याच्या तळ्यावरून भोवत्या बघून धापा टाकत यायचे. शिरस्तेदार त्यांना स्टुलावर बसवायचे, स्वतः उभे राहायचे, हात पाठीमागं. वेळ काय होती? ऊन कुठल्या बाजूला होतं? चष्मा पुसलेला होता का? आणि शेवटी हमखास, नाश्ता करून गेला होता का?

"नाश्त्याचा काय संबंध, साहेब?" डॉक्टर एकदा वैतागले.

"उपाशी माणसाला घारसुद्धा गरुड दिसते," शिरस्तेदार म्हणाले. "सांगा, काय खाल्लं होतं?"

डॉक्टरांनी काही खाल्लं नव्हतं. भोवत्या बाद झाला.

लोक म्हणायचे, म्हातारा खडूस आहे. खडूस होतेच. पण एक मान्य केलं पाहिजे, नियम त्यांनी स्वतःला आधी लावला आणि आम्हांला नंतर. त्यातूनच रंकाळ्याचा तो प्रकार झाला, तो अजून आमच्याकडं रंगवून सांगितला जातो.

सकाळी फिरायला गेलेल्या शिरस्तेदारांना रंकाळ्याच्या कडेला हंगामातला पहिला धोबी दिसला. एकटे होते. आसपास चिटपाखरू नाही, म्हणजे तेवढा धोबी सोडून. पंच कुठून आणायचा? त्यांनी घरी फोन लावला आणि काकींना सांगितलं, असशील तशी निघून ये. काकींना वाटलं, ह्यांच्या छातीत दुखतंय. त्या पिठाच्या हातानं, घरच्या चपला घालून रिक्षात बसल्या, वाटेत अंबाबाईला नारळ बोलल्या आणि रंकाळ्यावर येऊन बघतात तर हे ठणठणीत, कठड्याला टेकून एका मूठभर पाखराकडं बोट करताहेत. काकी काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. पण बोलून झाल्यावर त्यांनी बघितलं आणि हो, शेपूट हलवतंय, असं कबूल केलं. तेवढ्यात शिरस्तेदारांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि चेहरा पडला. पत्नीची साक्ष! नात्यातला साक्षीदार, समोरचा पक्ष हरकत घेणार. काकींची साक्ष त्यांनी जागच्या जागी बाद केली आणि म्हशी घेऊन निघालेल्या एका गवळ्याला अडवलं.

"पावणं, तो पक्षी बघा. काय करतोय?"

गवळ्यानं पक्ष्याकडं बघितलं, शिरस्तेदारांकडं बघितलं, काकींच्या पिठाच्या हातांकडं बघितलं. "शेपूट हालवालंय की. आनि काय करनार?"

"बस. नाव सांगा तुमचं."

फळ्यावर त्या साली धोब्यापुढं दोन नावं लागली, एक शिरस्तेदारांचं आणि एक त्या गवळ्याचं. मिसळ खायला गवळी खरंच आला. काकी चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत आणि त्या चार दिवसांत माझ्या दुकानात येऊन मला मात्र भरपूर बोलल्या.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. एकदा मात्र गेलं नाही.

नेमगोंडा मगदूम हे शिरस्तेदारांचे कॉलेजातले सोबती. जयसिंगपूरच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचं शेत. दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. शिरस्तेदारांना 'वश्या' म्हणायची हिंमत अख्ख्या जिल्ह्यात या एकाच माणसाला होती. शिरस्तेदारांच्या नादानंच मगदूम अण्णा पाखरं बघायला लागले. गडी एकदम सरळ. बांधावर बसून बघायचं, दिसलं की हरखून जायचं. नावं चुकायची, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

एका दिवाळीच्या तोंडावर सकाळी सकाळी मगदूम अण्णा मिळेल ती एस.टी. पकडून थेट माझ्या दुकानात आले. धोतराला चिखल, पायात चपला दोन जातींच्या. नदीकडच्या अंगानं, दिवस उगवताना, करकोच्यांचा थवा त्यांच्या डोक्यावरून गेला होता. करकोचे म्हणजे लांब मानेचे, लांब पायांचे मोठे पक्षी, वाळवंटं-डोंगर ओलांडून येणारे. आमच्या बाजूला ते दिसणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आमच्यापैकी कुणीच कधी बघितलेले नव्हते. अण्णा सांगत होते आणि सांगताना त्यांचे हातच पंखासारखे वर-खाली होत होते. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलंसुद्धा, 'करकोचे - मगदूम'.

शिरस्तेदार आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग विचारलं, "दुसरा पंच?"

"मी एकलाच हुतो की. आनि माझा बैल," अण्णा हसत म्हणाले.

शिरस्तेदार हसले नाहीत. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी ती ओळ पुसली. "नेमा, तुझ्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पुरावा नाही."

अण्णांनी पुसलेल्या फळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मी खोटं बोलत न्हाई, एवढं तुला पुरत न्हाई व्हय?" आणि चहासुद्धा न घेता परत स्टँडवर गेले. त्यानंतर ते कधी दुकानात आले नाहीत. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मगदुमांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली ती काकींच्या नावानं.

आम्ही सगळ्यांनी शिरस्तेदारांना समजावून बघितलं. नियम मोडायचा तर सगळ्यांसाठी मोडा, म्हणाले. मित्राला सूट दिली तर उद्या डॉक्टरांचं न्हाणीघर परत सुरू होईल. तत्त्व म्हणून बिनतोड. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती ती मी आठवडाभर मुद्दाम आवळून दिली नाही.

अशी काही वर्षं गेली. मग तो भाद्रपद संपतानाचा दिवस आला.

शिरस्तेदार जयसिंगपूरला कुणाच्या तरी बारशाला गेले होते. बारशालासुद्धा पिशवीत दुर्बीण, हे सांगायला नकोच. परत येताना एस.टी.चं चाक पंक्चर झालं आणि गाडी थांबली ती नेमकी मगदुमांच्या शिवारालगत. शिरस्तेदार खाली उतरले. सोयाबीनच्या रानावरून विजेची तार गेलेली, त्या तारेवर एक निळा पक्षी बसलेला. आपला नीलपंख सगळ्यांना माहीत असतो, ज्याला गावाकडं चास म्हणतात आणि दसऱ्याला दिसला की बरं मानतात. त्याची छाती तपकिरी. ह्याची छाती निळी होती. डोकं निळं, छाती निळी, पोट निळं. हा त्याचा परदेशी भाऊ. थंडीच्या आधी कुठल्या कुठून निघून समुद्रापार आफ्रिकेला जाताना आमच्याकडं क्षणभर टेकतो, आणि टेकलेला कुणाला दिसत नाही. शिरस्तेदार इतकी वर्षं त्याची वाट बघत होते. पुस्तकातल्या त्याच्या चित्राचं पान बोटं लागून लागून मळलं होतं.

हातात दुर्बीण, समोर पक्षी, आणि डोक्यात पहिला विचार काय, तर पंच. कंडक्टर जॅकशी झटापट करत होता, त्यानं मान वर केली नाही. शेवटी बसमधली एक बाई मूल कडेवर घेऊन उतरली होती, तिला त्यांनी हात जोडून दुर्बीण डोळ्याला लावायला सांगितली. तिनं लावली, बघितलं आणि परत दिली. "चास हाय की," ती म्हणाली. "दसऱ्याचा."

साक्षीदार उलटला. शिरस्तेदारांनी तिला छाती बघा, छाती बघा, असं विनवलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शिरस्तेदारांना गाडीत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी काढली, डॉक्टर आले, शिरस्तेदार पुढं बसले. ती तार, ते रान, सगळं जागच्या जागी. तारेवर एक बुलबुल. बांधावर मगदूम अण्णाही नव्हते; आमची गाडी बघून टाळलं असेल, असं आम्हांला वाटलं. दुपारपर्यंत थांबलो, उन्हानं डोकी तापली, पण पाहुणा निघून गेला होता. परत येऊन दुकानात बसलो आणि डॉक्टरांची इतक्या वर्षांची भूक जागी झाली. त्यांनी शिरस्तेदारांना स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले, हात पाठीमागं.

"ऊन कुठल्या बाजूला होतं?"

"तोंडावर," शिरस्तेदार म्हणाले. खरं ते सांगितलं.

"नाश्ता?"

"बारशाचं जेवण. जिलेबी."

"म्हणजे सुस्ती आलेली."

"थोडी आलेली."

आम्ही हसलो. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग शिरस्तेदार स्टुलावरून उठले आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, एकच साक्षीदार, ऊन तोंडावर, दुसरी साक्ष विरोधात. सबब फेटाळण्यात येत आहे. टोपी घातली आणि घरी गेले.

त्यानंतर ते दुकानाकडं फिरकले नाहीत. काकी मात्र आल्या, आणि त्यांनी मला नेहमीसारखा दोष दिला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण वेगळं आहे. काउंटरवर कोपरं टेकून त्या म्हणाल्या, "काल भाजीत मीठ घालायचं राहिलं. गप गिळली. मी म्हटलं, अळणी हाय का? तर म्हणतात, असेल." नाकावर माशी बसू न देणारा माणूस अळणी भाजी गपगुमान खातोय, याचा काकींनी धसका घेतला होता. एवढ्या वर्षांत एकदा हवं ते दिसलं आणि ते दिसलं म्हणायची सोय शिरस्तेदारांनी स्वतःच ठेवली नव्हती. जिवाला लागलं होतं त्यांच्या.

उपाय सगळ्यांना दिसत होता. पक्षी बसला होता मगदुमांच्या रानावरच्या तारेवर. असा पक्षी आदल्या एखाद्या-दुसऱ्या दिवसापासूनच तिथं असणार. त्या पंचक्रोशीत निळी छाती आणि तपकिरी छाती यातला फरक कळणारा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी बांधावर जाणार. मगदूम अण्णांनी तो बघितला असेल तर दुसरा पंच मिळाला. फक्त जाऊन विचारायचं. पण विचारायचं कुणाला? ज्याचे करकोचे आपल्या बाहीनं पुसले त्याला. काकींनी सुचवलं तर शिरस्तेदारांनी पेपर तोंडापुढं धरला. डॉक्टर म्हणाले, मी फोन लावतो, तर त्यांच्यावर डाफरले. तोंड कुठं आहे मला, असं मात्र एकदा काकींजवळ पुटपुटले.

मी दर गुरुवारी जयसिंगपूरला एका दवाखान्यात नंबर तपासायला जाते. पुढच्या गुरुवारी गाडीपाशी आले तर शिरस्तेदार आणि काकी उभे. इस्त्रीचा सदरा, टोपी, कोर्टात निघाल्यासारखे. "वाटेत सोडा," एवढंच म्हणाले. कुठं ते मी विचारलं नाही.

मगदूम अण्णा घराच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय स्टुलावर. पुढ्यात ओल्या शेंगांची पाटी. आम्हांला बघून त्यांनी "या" म्हटलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि शेंगा पुढं सरकवल्या. मग सुरू झालं बोलणं. पाऊस कसा झाला. उसाचं कसं. प्लास्टर कशानं. विहिरीच्या पायरीवर घसरले, गणपतीच्या आधीच, तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. म्हणजे ह्यांनीही बघितलेला नाही. मी शिरस्तेदारांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उठून जावं तर जाता येईना, बोलावं तर काय बोलायचं? ते एकेक शेंग घेऊन सोलत बसले, आणि सोललेले दाणे न खाता परत पाटीत टाकत राहिले.

शेवटी काकींनीच तोंड उघडलं. "सांगा की आता. एवढं लांब शेंगा सोलाय आलाय व्हय?"

शिरस्तेदार उभे राहिले. त्यांना बसून साक्ष देता येत नसावी. एस.टी., पंक्चर, तार, ऊन, जिलेबी, ती लेकुरवाळी बाई, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं, काही गाळलं नाही. स्वतःच्या विरोधातलंसुद्धा सगळं सांगितलं. मगदूम अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली.

"छाती निळी हुती?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"पूर्ण निळी. तपकिरी रेघसुद्धा नव्हती."

"मग त्योच."

"पण तू बघितला नाहीस, नेमा."

अण्णांनी डोळे उघडले. "न्हाई. पाय ह्यो असा. पर तू बघितलास न्हवं?"

"मी बघितला."

"मग आलाता. संपलं."

शिरस्तेदार खाली बसले. चष्मा काढला आणि पुसायला लागले. मी चष्म्याच्या धंद्यातली बाई आहे; काच कधी मळलेली असते आणि कधी नसते, हे मला कळतं. त्यांची काच स्वच्छ होती. काकींनी पाटीतली एक शेंग उचलली आणि बाहेर रस्त्याकडं बघत खायला लागल्या.

चष्मा परत घालून शिरस्तेदार म्हणाले, "तुझे करकोचे. किती होते?"

"जाऊ दे की आता ते."

"किती होते, नेमा?"

"मोजलं न्हाईत," अण्णा म्हणाले. "मोजाय कुठलं सुचतंय? वरनं वरडत चाललेली, मी खाली नुसता उभा. डोळ्यांत पानी आलंतं."

चहा आला. चहात साखर जास्त होती आणि शिरस्तेदारांनी ते लगेच बोलून दाखवलं. काकींचा जीव भांड्यात पडला.

मी दवाखान्याचं काम उरकून संध्याकाळी त्यांना न्यायला परत गेले, तर दोन म्हातारे कुठल्याशा प्राध्यापकाच्या टकलावरून पोट धरून हसत होते आणि काकी जांभया देत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तोच शिरस्तेदार हजर. खडू मागितला. फळ्यावर, यंदाच्या पाहुण्यांच्या खाली, त्यांनी कोर्टाच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं, 'करकोचे. जयसिंगपूर.' पुढं पहिल्या पंचाचं नाव नेमगोंडा मगदूम. दुसऱ्या पंचाच्या जागी स्वतःचं नाव.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही कुठं बघितले करकोचे?"

"करकोचे नाही बघितले," शिरस्तेदार म्हणाले. "नेमाला बघितलंय. कॉलेजपासून."

मग मी खडू हातात घेतला आणि म्हटलं, आता तुमचा नीलपंख पण लिहू, मगदूम अण्णांची साक्ष झालीच आहे की त्याच न्यायानं. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. तो दावा फेटाळला गेलेला आहे आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतःच निकाल फिरवायचा नसतो, म्हणाले. मी हुज्जत घातली, डॉक्टरांनी येऊन माफी मागितली, मिसळ मागवतो म्हणाले. काही उपयोग झाला नाही. मिसळ मात्र शिरस्तेदारांनी मागवायला लावली, मगदुमांच्या नावानं, आणि मगदुमांचा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळं त्यांच्या वाटणीचीही स्वतःच खाल्ली. तो निळा पक्षी आमच्या फळ्यावर कधीच चढला नाही. शिरस्तेदार मात्र पोटभर बोलायला लागले त्याच्याबद्दल. रस्त्यात भेटेल त्याला सांगायचे, रिक्षावाल्याला, भाजीवालीला, आणि एकदा तर मलकापूरहून चष्मा करायला आलेल्या एका अनोळखी पाहुण्याला माझ्या दुकानातच धरून बसवलं होतं.

पुढं दर गुरुवारी ते माझ्या गाडीत असायचे. मी त्यांना मगदुमांच्या बांधाशी सोडायची आणि परतताना उचलायची. गेल्या पावसाळ्यात शिरस्तेदार गेले. दोन दिवसांचा ताप काय तो. काकी दिवसवारानंतर दुकानात आल्या आणि म्हणाल्या, आता कुणाला बोल लावू गं मी?

मला ते दिसतात ते त्याच्या आधीच्या दिवाळीतल्या एका गुरुवारचे. मी नेहमीच्या ठिकाणी गाडी उभी केली. दोघं बांधावर पाठमोरे. मगदूम अण्णा पायाला जपून काठीवर भार टाकून उभे, दोन्ही हात काठीवर, म्हणून शिरस्तेदारांनीच दुर्बीण त्यांच्या डोळ्यांपुढं धरली होती आणि एका हातानं तिचं चाक फिरवत होते. विजेच्या तारेवर काहीतरी बसलं होतं. मी चार पावलं मागून बघत होते, दुर्बीण सरळ समोरच्या उसाच्या पाचटावर रोखलेली होती. त्यातनं तार दिसणं शक्यच नव्हतं.

"दिसला?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"दिसला की," मगदूम अण्णा म्हणाले. "लई झ्याक हाय."

शिरस्तेदारांनी समाधानानं मान हलवली आणि पुढं एकही प्रश्न विचारला नाही.